गेटच्या आत काय चालतं, ते मुलांना दिसू दे

कुणी भाकऱ्या थापता थापता, कुणी भाजी निवडता निवडता रेडिओ लावला असेल. बहुतेक जणी मला ओळखतातच. मी बचत गटांची सहयोगिनी. अंबरनाथ तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत माझी फिरस्ती असते. एरवी मी बचत, कर्जाची परतफेड, बँकेची कागदपत्रं यांवर बोलते. आज पासबुक जरा बाजूला ठेवूया. आज बोलायचंय ते आपल्या नववी-दहावीतल्या मुला-मुलींबद्दल. आपल्या आजूबाजूला एवढे कारखाने, एवढी दुकानं, एवढी वर्कशॉप आहेत. तिथलं काम या मुलांना शाळेतर्फे, नीट आणि सुरक्षितपणे बघायला, शिकायला कसं मिळेल, आणि त्यात आपल्या गटानं काय करायचं, हा आजचा विषय.

आधी आपला भाग बघा. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशी स्टेशनं लागतात. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली जवळपास लाखभर माणसं तिथल्या बराकींत राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. अजून आपण कॅम्प एक, कॅम्प पाच असंच म्हणतो. हातात काही नसताना त्या लोकांनी धंदे उभे केले. कपडे, फर्निचर, जीन्स, काय नाही तिथे? पुढे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मोरिवली, चिखलोली, आनंदनगरची एमआयडीसी आहे. बदलापूरलाही एमआयडीसी आहे. शिवाय कर्जत रस्त्याच्या नर्सऱ्या, गॅरेजं, बेकऱ्या, दवाखाने, छापखाने, पतपेढ्या.

एवढं सगळं दाराशी आहे. आणि आपली मुलं? त्याच गेटांसमोरून शाळेत जातात, त्याच गेटांसमोरून परत येतात. दहावीतल्या मुलाला विचारा, "बाबा कुठे कामाला आहेत?" तो सांगतो, "कंपनीत." "तिथे काय काम करतात?" इथे तो गप्प होतो.

यात त्याची काही चूक नाही. शेतकऱ्याचं पोर बापामागे बांधावर जातं, त्याला राब, आवणी, झोडणी कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. दुकानदाराचं पोर शाळा सुटली की गल्ल्याजवळ बसतं. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, उधारी कुणाला द्यायची, माल कुठून आणायचा हे त्याला बाराव्या वर्षीच कळायला लागतं. कामगाराच्या पोराला मात्र सकाळी भरलेला डबा दिसतो आणि रात्री रिकामा डबा. मधले आठ-दहा तास गेटच्या आत राहतात. पॅकिंगला जाणाऱ्या आईचंही तेच.

मग दहावीनंतर काय करणार असं विचारलं की मुलं सांगतात पोलीस, डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर "बघू". लेथ मशीनवर काम करणारा, तयार मालाची तपासणी करणारा, गोदामाचा हिशेब ठेवणारा, लॅबमध्ये नमुने तपासणारी, कपड्याचा पॅटर्न काढणारी ही माणसं आपल्यापासून चार-पाच किलोमीटरवर आहेत. पण जे कधी बघितलंच नाही, ते मुलं निवडणार कसं?

आता कुणी म्हणेल, "ताई, आमची मुलं कामाला जातातच की." जातात. पण कशी जातात ते बघूया. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते. शेजारचा ठेकेदार, लांबचा मामा, नाहीतर आधी लागलेला मित्र सांगतो, "चल, हेल्पर पाहिजे." पोरगं जातं. जीन्सचे धागे कापायचे, गठ्ठे उचलायचे, चहा आणायचा. दोन महिने तेच. मशीन कशी चालते ते कुणी दाखवत नाही. किती तास, किती पैसे, सगळं तोंडी. निकाल लागतो तोवर हातात रोख पैसे आलेले असतात, मोबाईलचा हप्ता सुरू झालेला असतो. अकरावीचा, आयटीआयचा फॉर्म राहून जातो. असे कितीतरी जण आज तिशीत आहेत आणि अजून हेल्परच आहेत.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. मूल ठेकेदाराचा हात धरून त्या गेटमधून आत गेलं, की ते हेल्पर होतं. तेच मूल शाळेचा हात धरून गेलं, की विद्यार्थी राहतं. हा हात कुणाचा असावा, ते ठरवायला आपण आया काहीतरी करू शकतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगते. नाव-गाव सांगत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, माणूस घरी बसला. मुलगा नववीत. एका कारखान्यातून त्याला रोज तीनशे रुपयांची बोली आली. ताई बैठकीत म्हणाल्या, "शाळेनं पोट भरतं का हो?" कुणीच काही बोललं नाही. काय बोलणार? ज्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे, तिथे शिक्षणाचं महत्त्व सांगायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून गटानं आधी पैशाचं बघितलं. अंतर्गत कर्ज दिलं, पहिले तीन महिने फक्त व्याज घ्यायचं ठरवलं. मग आम्ही दोघी-तिघी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांशी बोललो. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या पत्रावर तो मुलगा आणि त्याचा एक वर्गमित्र दहा दिवस एका छोट्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये गेले. वेल्डिंगजवळ जायचं नाही, कटर मशीनला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं. त्यांनी मोजमाप घेतलं, मार्किंग केलं, किती पाइप आला, किती लागला, किती वाया गेला हे वहीत लिहिलं.

एक दिवस तो घरी येऊन आईला म्हणाला, "आई, खिडकीची चौकट गुण्यात आहे की नाही ते बघायला पायथागोरस लागतो." मिस्त्रींनी त्याला दाखवलं होतं. एका बाजूला तीन फुटांवर खूण करायची, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात. पुस्तकातलं गणित त्याला त्या दिवशी खरं वाटलं. आता तो दहावीत आहे. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. घरची ओढाताण अजून आहे, कर्जाचे हप्तेही चालू आहेत. पण दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म भरायचा, हे त्याचं त्यानं ठरवलंय.

शिकता शिकता काम, कामातून शिक्षण, ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' हे गरीब मुलांच्या शिक्षणाचं साधन केलं. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. पुणे जिल्ह्यात पाबळ नावाचं गाव आहे. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांसाठी एक विषय तयार झाला, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. त्यात लोखंडकाम आणि बांधकाम, वीज आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य असे चार भाग. शिकवायला गावातलेच कारागीर. आणि मुलं जे करतात ते गावाच्या उपयोगाचं. कुणाचं रॅक बनवून दे, कुणाची वायरिंग दुरुस्त कर, रक्तगट तपासून दे. एसएससी बोर्डानं या विषयाला मान्यता दिली. जर्मनीसारख्या देशातही नववी-दहावीची मुलं शाळेतर्फे दोन-तीन आठवडे एखाद्या कामाच्या ठिकाणी जातात आणि परत येऊन वर्गात त्यावर लिहितात, बोलतात.

आपल्याकडे आत्ता काय सोय आहे? समग्र शिक्षा योजनेखाली काही माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचा विषय आहे. कुठे मल्टी स्किल, कुठे ऑटोमोबाईल, कुठे रिटेल, कुठे आरोग्यसेवा, कुठे ब्युटी अँड वेलनेस. त्यासाठी वेगळे व्यवसाय प्रशिक्षक असतात. उद्योगाला भेट देणं, बाहेरचा जाणकार माणूस वर्गात बोलावणं, प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणं हे त्या अभ्यासक्रमातच धरलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी शिकावं असं त्यात म्हटलंय. म्हणजे तुम्ही शाळेत जाऊन हे मागितलंत, तर काही जगावेगळं मागत नाही.

मग अडतं कुठे? शाळेतल्या सरांना कारखानदार माहीत नसतात. कारखानदाराला शाळेत कुणाला भेटायचं ते माहीत नसतं. आणि आपल्याला दोन्ही माहीत असतं! आपल्या गटातल्या दहा-बारा जणींचा हिशेब मांडा. एकीचा नवरा आनंदनगरला कंपनीत आहे, एकीचा भाऊ टेम्पोवर आहे, एक जण डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आहे, एकीचा दीर मोबाईल दुरुस्त करतो, एक जण स्वतः शिलाईचं काम आणते. एका गटातून दहा कामाच्या जागा निघतात. ग्रामसंघात बसलात तर पन्नास निघतील. ही यादी कुठल्याही सरकारी कार्यालयात मिळणार नाही.

तर काय करायचं ते क्रमानं सांगते. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं, पुढच्या मासिक बैठकीत ही यादी करा. जागेचं नाव, तिथे कुठलं काम चालतं, मालक कसा माणूस आहे, तिथे बायका कामाला आहेत का, शाळेपासून किती लांब आहे. मालकाच्या स्वभावाचा रकाना सोडू नका. तोंडात शिवी असणारा माणूस कितीही मोठा कारखानदार असला तरी आपल्या यादीत नको.

दुसरं, गटाच्या अध्यक्ष, सचिव आणि पालक-शिक्षक संघातली एखादी आई, अशा तिघी-चौघी मुख्याध्यापकांना भेटा. शाळेत व्यवसाय विषय असेल तर त्या प्रशिक्षकांना सोबत घ्या. नसेल, तरी सहामाही परीक्षेनंतर किंवा दिवाळीच्या सुट्टीत पाच ते दहा दिवसांचा अनुभव शाळेच्या नावानं देता येईल का, ते विचारा. शाळेचं पत्र हवंच. पत्र नसेल तर ते मूल कागदोपत्री कुणाचंच नाही.

तिसरं, मालकाला भेटायला शाळेचा माणूस आणि गटातली एक जण, असे दोघं मिळून जा. मालक दोन गोष्टी म्हणणार. "शिकवायला वेळ कुणाला आहे?" आणि "पोरगं मशीनमध्ये हात घालेल, मग जबाबदार कोण?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना सांगा, एका वेळी दोनच मुलं, दिवसाला तीन-चार तास, मशीनला हात नाही, आणि तुमचा एकच जुना कामगार त्यांच्यावर लक्ष ठेवेल. मोठ्या कंपनीला आणखी एक सांगता येतं. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिला शिकाऊ उमेदवार कायद्यानं अप्रेंटिस घ्यावेच लागतात. गावातली मुलं आधीपासून ओळखीची झाली, तर पुढे तेच अप्रेंटिस म्हणून येतील. लांबून येऊन महिन्याभरात निघून जाणाऱ्यांपेक्षा हे त्यांनाही सोयीचं.

चौथं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अटी कागदावर. शाळा, मालक आणि पालक, तिघांच्या सह्या. यातल्या बऱ्याच अटी कायद्याच्याच आहेत. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. त्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत केली तर चालते, तीही धोक्याच्या कामात नाही. १४ ते १८ या वयातल्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया यांत घेता येत नाही. या वयाच्या मुलाला कामावर घेतलं, तर सलग तीन तासांवर काम नाही, मध्ये किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून सगळे मिळून सहा तासांच्या वर नाही. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्याला एक सुट्टी. हा कायदा मोडून मुलांना कामाला ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपली मुलं तिथे शिकायला जाणार, कामगार म्हणून नाही. तरीही हे तास त्यांच्यासाठी कमाल मर्यादा समजा, त्याहून कमीच ठेवा.

आपल्या भागासाठी मी एक अट वाढवते. केमिकलची कंपनी, रंगाईचा कारखाना, जिथे ड्रम, बॉयलर, ॲसिड आहे अशी जागा यादीतून काढून टाका. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत झालेला स्फोट आपल्यापैकी किती जणींनी घरात बसून ऐकला असेल. त्या ठिकाणी बघायलासुद्धा मूल पाठवायचं नाही. कंपनी केमिकलची असली तरी तिचं ऑफिस वेगळ्या ठिकाणी असेल, तर तिथे हिशेबाचं काम बघता येईल.

पाचवं, सुरक्षितता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर झालेल्या अत्याचाराची घटना उघडकीला आली आणि सगळं गाव रेल्वे रुळांवर उतरलं. त्यानंतर इथल्या आया मुलींना कुठेही पाठवायला घाबरतात. ती भीती खोटी नाही, "काही होत नाही" म्हणून मी ती उडवून लावणार नाही. पण भीतीनं मुलीला घरी बसवलं, तर शिक्षा तिलाच होते. म्हणून भीतीचे नियम करूया. कुठलंही मूल, मुलगा असो की मुलगी, एकटं पाठवायचं नाही, जोडीनं पाठवायचं. मुली असतील तिथे कामाच्या जागी निदान एक बाई हवीच. गोदामात, वरच्या माळ्यावर, कुणाच्या गाडीवर एकट्यानं जायचं नाही. अंधाराआधी घरी. स्वच्छतागृह आहे का आणि त्याला आतून कडी लागते का, ते आपण स्वतः बघून यायचं. गटातल्या दोघींनी पाळीपाळीनं, न सांगता, एक चक्कर मारायची. चांगल्या मालकाला त्याचा राग येत नाही.

कायदाही माहीत असू द्या. १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात शिकायला आलेली, प्रशिक्षण घेणारी मुलगीही येते. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिथे दहापेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. शाळेत सखी सावित्री समिती आहे का, तेही विचारा. आणि मुलांना १०९८ हा नंबर पाठ करायला लावा. मुलांच्या मदतीसाठी तो दिवसरात्र चालू असतो.

सहावं, दुखापत झाली तर? उपचाराचा खर्च कोण करणार, जवळचा दवाखाना कुठला, आधी फोन कुणाला, हे त्याच कागदावर लिहा. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यात काय बसतं, काय बसत नाही, ते मुख्याध्यापकांकडून समजून घ्या. आणि प्रवासाचं बघा. विद्यार्थ्याचा रेल्वेचा सवलतीचा पास घर ते शाळा एवढ्यासाठीच असतो. कामाची जागा त्या टप्प्याच्या बाहेर असेल तर वेगळं तिकीट काढायचं, नाहीतर पोराला विनाकारण दंड भरावा लागेल.

आता पैशाचा प्रश्न. तुम्ही विचाराल, "ताई, मालक काही देणार का?" शाळेतर्फे पाच-दहा दिवस शिकायला जाणाऱ्या मुलाला पगार नसतो. जाण्यायेण्याचा खर्च आणि चहा-नाश्ता मालकानं द्यावा, एवढं मागा. पण दहाव्या दिवसानंतर मालक म्हणाला, "हुशार आहे, रोज येऊ दे," तर सावध व्हा. फुकट शिकतोय म्हणत रोज राबवून घेतलं, तर ते शिकणं राहिलं नाही. खरी कमाई दहावीनंतर अप्रेंटिसशिपमधून येऊ द्या. त्यात कंपनीशी नोंदणीकृत करार होतो. २०१९ च्या नियमांत महिन्याला कमीत कमी ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलंय, दहावी पास असेल तर ६,०००. वय १४ पूर्ण लागतं, धोकादायक उद्योगात १८. कामात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. अर्ज करताना चालू दर विचारून घ्या. गावात 'लाडका भाऊ' म्हणतात ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ वर्षांपुढच्यांसाठी आहे. शाळेतल्या मुलाला तिचं नाव सांगून कुणी फॉर्मचे पैसे मागितले, तर देऊ नका. अंबरनाथला सरकारी आयटीआय आहे. काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो, हे किती घरांत माहीत नसतं!

मुलींबद्दल वेगळं बोलते. यादी करताना आपल्याच हातून असं होतं, की मुली पार्लरला आणि शिलाईला, मुलं गॅरेजला आणि कंपनीला. पार्लर, शिलाई चांगलीच कामं आहेत, आपल्या कितीतरी मैत्रिणींची घरं त्यावर चालतात. पण निवड मुलीला करू द्या. एका शाळेत मी मुलींना विचारलं, कुठे जायला आवडेल? एक जण मागून हळूच म्हणाली, "मॅडम, मोबाईल उघडून बघायचाय." बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. पॅकिंगच्या लाइनवर आपल्याच बायका उभ्या असतात आणि मशीनचं सेटिंग करायला कुणीतरी पुरुष येतो. दोघांच्या पगारात फरक पडतो तो तिथेच.

आणखी एक. आपण दुसऱ्या मालकांच्या दारात जातोय, पण आपला गटही मालकच आहे. कुणाचे मसाले, कुणाचे पापड, कुणाची नर्सरी. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. हंगामात जांभळं निवडणं, वजन करणं, पॅकिंगवर काय लिहावं लागतं, मोबाईलवर आलेले पैसे वहीत कसे मांडायचे, नफा कसा काढायचा हे नववीच्या मुलांना आपल्याकडेच शिकता येईल. मात्र नियम आपल्यालाही तेच. गटाचं काम आहे म्हणून शाळा बुडवून पोरांना पापड लाटायला बसवलंत, तर त्या ठेकेदारात आणि आपल्यात फरक काय?

मुलं परत आल्यावर काय? रोज रात्री त्यांना वहीत चार ओळी लिहायला सांगा. आज काय बघितलं, कुठला नवा शब्द कळला, शाळेतलं काय उपयोगी पडलं, कुणी काही वाईट बोललं का. आईला वाचता येत नसेल तर मुलानं वाचून दाखवायचं. शेवटच्या ओळीसाठी ही वही फार महत्त्वाची आहे. शेवटी मालकाकडून शाळेच्या नावानं दोन ओळींचं पत्र घ्या, की हा मुलगा, ही मुलगी इतके दिवस आली आणि हे हे शिकली. आणि एखादं मूल येऊन म्हणालं, "मला हे काम अजिबात आवडलं नाही," तर नाराज होऊ नका. वर्ष आणि फी वाया घालवून कळण्यापेक्षा दहा दिवसांत कळलेलं बरं.

शेवटी, मैत्रिणींनो, हे सगळं एका महिन्यात होणार नाही. एका गटानं या दिवाळीला दोन मुलं जरी नीट पाठवली, नीट परत आणली, तरी पुढच्या वर्षी मालक स्वतः विचारेल. पण जिथे पोटाचा प्रश्न आहे, तिथे आधी गटानं त्या घराला हात द्यायचा. त्या ताईंना तीन महिन्यांची सवलत मिळाली नसती, तर मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आम्ही कुणासाठी फिरलो असतो?

तर पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. दहा मिनिटं थांबा, वहीचं कोरं पान काढा आणि कुणाच्या घरचं कोण कुठे काम करतं ते लिहायला घ्या. पुढचं, शाळेत जायचं वगैरे, मी तुमच्यासोबत येईन.